खांबेट्यांचा द्राक्षाचा रस

खांबेट्यांच्या घरी जेवायला जायचं असलं की आम्ही आधी आपल्या घरी थोडं जेवून घ्यायचो. यात नलूवहिनींच्या स्वयंपाकाचा काही अपमान नव्हता. त्यांच्या हातची भरली वांगी खायला लोक पार फिलाडेल्फियाहून एडिसनला यायचे. अडचण अशी, की ती वांगी आणि आपण यांच्या मध्ये प्रभाकर खांबेटे उभे असायचे. हातात बाटली, खांद्यावर पांढरा नॅपकिन, चेहऱ्यावर पडदा वर जाण्याआधीच्या नटाचा भाव. त्यांना ओलांडून वांग्यांपर्यंत पोचेस्तोवर माणूस भुकेनं हळवा व्हायचा.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ओक ट्री रोडवर आज साड्या, सोनं आणि पाणीपुरी यांची झुंबड असते, पण आम्ही एडिसनला घर घेतलं तेव्हा हिंगाची डबी आणायची तरी न्यूयॉर्क गाठावं लागे. मराठी घरं मोजकी, त्यामुळे सगळे सगळ्यांच्या घरी जायचे. दर शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये पुरुष स्कॉच घेऊन बसायचे, वर स्वयंपाकघरात आम्ही बायका, आणि मधल्या मजल्यावर टीव्हीसमोर मुलं. स्कॉच कुठली ठेवलीय, यावरून यजमानाचं ग्रीन कार्ड झालंय की अजून अडकलंय ते कळायचं. मराठी समाजाची ही घडी इतकी छान बसली होती, आणि ती विस्कटायला आमच्यापासून दोन घरं सोडून खांबेटे राहायला आले.

बुटके, गोल, मिशा कोरलेल्या. पण हे सगळं मागाहून दिसायचं. आधी दिसायचं ते नाक. ते नाक खोलीत खांबेट्यांच्या थोडं आधी यायचं. माटुंग्याला शिकलेले केमिकल इंजिनिअर. ज्या कंपनीत नोकरीला होते ती अन्न टिकवायची रसायनं बनवायची. जॅम बुरसू नये, जर्दाळू काळे पडू नयेत, वाईन आंबू नये म्हणून तिच्यात टाकायची गंधकाची पावडर, असला सगळा माल. खांबेट्यांचं काम ही पावडर यूरोपातल्या गिऱ्हाइकांना समजावून सांगण्याचं. वर्षातून दोनदा कंपनीच्या खर्चानं तूरीन, व्हिएन्ना आणि फ्रान्समधलं त्यांचं लाडकं ल्यों. आम्ही सगळे त्या गावाला लिऑन म्हणायचो. ते नाकातून ल्यों म्हणायचे, आणि त्यांच्या नाकाला ते शोभायचं.

याच ल्योंच्या उत्तरेला टेकड्यांवर एका द्राक्षवाल्या शेतकऱ्याला पावडर विकायला म्हणून खांबेटे गेले आणि धर्मांतर करून परत आले. ती कथा मी निदान वीस वेळा ऐकली असेल. "त्यानं माझं अख्खं लेक्चर ऐकून घेतलं हो," खांबेटे सांगायचे. "एक शब्द बोलला नाही. मग तळघरात गेला आणि एक ग्लास घेऊन आला. गढूळ! पावसाळ्यातल्या ओढ्यासारखी. मी म्हटलं, हा मला मारतोय. प्यायलो. आणि वहिनी, माझ्या हातातली सँपलची बॅग मला जड झाली." बॅग दर वेळी जड व्हायची, बाकी तपशील मात्र बदलते असायचे. पहिल्या वर्षी शेतकऱ्याच्या दारात एक कुत्रा होता. पुढे तीन झाले. एका गणपतीत तर त्या शेतकऱ्याचा एक पाय लाकडाचा निघाला.

तर तेव्हापासून खांबेटे फक्त 'नॅचरल' वाईन प्यायचे. द्राक्षं तुडवायची आणि आपण बाजूला व्हायचं. आत काही घालायचं नाही, आतलं काही काढायचं नाही, गंधक तर नावालाही नाही. तळाशी गाळ, वर फेस, आणि वास ओल्या गोणपाटापासून पिकल्या जांभळापर्यंत कसलाही. यूरोपातून येताना ते या बाटल्या लोकरी मोज्यांत गुंडाळून आणायचे आणि आमच्यावर सोडायचे.

माझे यजमान विनायक तेव्हा विमा कंपनीत होते. त्यांनी एकदा विचारलं, "काय हो खांबेटे, सोमवार ते शुक्रवार पावडर विकायची आणि शनिवारी तिला शिव्या द्यायच्या?"

"विनायकराव," खांबेटे म्हणाले, "तुम्ही आठवडाभर माणूस कधी मरणार याची गणितं करता, आणि शनिवारी प्रत्येक वाढदिवसाला शंभर वर्षं जगा म्हणून टाळ्या वाजवता. मी कधी बोललो?"

वाईनबद्दल बोलताना ते 'ती' म्हणायचे, आणि असं म्हणायचे की नव्या पाहुण्याला वाटावं, कुणीतरी बाई माडीवर आहे आणि आत्ता खाली येणार आहे. "घाई नको, ती अजून झोपेतून उठतेय." "तिला जरा एकटं सोडा." एकदा ग्लास नाकाशी धरून बराच वेळ उभे राहिले आणि खिन्नपणे म्हणाले, "ती आज काही बोलत नाहीये." विनायक म्हणाले, "नशीबवान आहात." त्यावर सगळे हसले. मग मीही रविवार संपेपर्यंत काही बोलले नाही.

त्यांची मुलगी शिल्पा बारा-तेरा वर्षांची होती. तिचं मत तिनं एका वाक्यात दिलं होतं. "डॅड, इट्स जस्ट ज्यूस गॉन बॅड."

मोठी माणसं मात्र इतकी सरळ नव्हती, आणि खांबेट्यांचं दुःख तेच होतं. बाटली उघडली की ते एकेकाच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे, कविता वाचून दाखवलेल्या माणसासारखे. आणि प्रत्येक जण एक घोट कसाबसा उतरवून म्हणायचा, "वा! स्मूथ आहे." घशाला चरे पाडत गेलेली वाईनसुद्धा स्मूथच असायची. यूरोपात बघितलेले सगळे पुतळे 'ग्रँड', ऑफिसातले सगळे साहेब 'व्हेरी नाइस' आणि खांबेट्यांची वाईन 'स्मूथ', अशी आमची परदेशातली मतं ठरलेली होती. एका हिवाळ्यात दोघंही आपापल्या दारातलं बर्फ उपसत होतो, तेव्हा फावडं टेकवून खांबेटे मला म्हणाले, "वहिनी, इतकी वर्षं पाजतोय. एकाही आपल्या माणसानं तोंड वाकडं करून 'खांबेटे, ही वाईट आहे' म्हटलं नाही. आता मला सांगा, ज्याला वाईट म्हणता येत नाही त्याच्या 'वा'चं मी काय करू? तिकडे ल्योंला वेटरसुद्धा माझ्याशी भांडतो हो. मला आपल्यातला एक माणूस हवाय. एकच. खरं सांगणारा."

मी म्हटलं, "सापडेल." आणि बर्फ उपसायला लागले, कारण त्यांच्या खिशात कॉर्क काढायचा स्क्रू असायचा.

माणसं सापडत नाहीत म्हटल्यावर ती घडवावीत, असं त्यांनी ठरवलं असावं. कारण त्याच वर्षी त्यांनी आम्हाला यूरोपीय पद्धतीनं जेवायला बोलावलं. "आपलं ताट म्हणजे सगळे वक्ते एकदम बोलताहेत अशी सभा आहे," त्यांनी उभं राहून सांगितलं. "यूरोपात एकेक पदार्थ येतो, आपलं म्हणणं मांडतो आणि जातो." मग काकडीची कोशिंबीर आली. नुसती कोशिंबीर, मोठ्या बशीच्या मधोमध, देवळाच्या पटांगणात एकटंच मूल बसवावं तशी. तिच्यासोबत एक गढूळ पांढरी वाईन आणि त्या वाईनचं गोत्र. बऱ्याच वेळानं प्रत्येकी एक वांगं आलं, डोक्यावर कोथिंबिरीचं एक पान खोचून. मग वाटीभर वरण. आमच्या डॉक्टर सबनीसांनी ते वरण भातासाठी म्हणून धरून ठेवलं, तर खांबेट्यांनी वाटी उचलून नेली.

"अहो, माझं वरण!"

"त्याचं बोलून झालं, डॉक्टर."

सबनीस भूल देणारे डॉक्टर होते. हातात सुई नसताना ते फार अस्वस्थ असत. थोड्या वेळानं ते उठून म्हणाले, "गाडीचे दिवे चालू राहिलेत वाटतं. बघून येतो." ते परत आले तेव्हा बरेच खुशीत होते. मग देसाई आपले दिवे बघायला गेले. मग आमचे हे, आमची गाडी दोन घरांपलीकडे आमच्याच दारात असताना. त्या संध्याकाळी खांबेट्यांच्या दारातल्या प्रत्येक गाडीचे दिवे तपासले गेले, काहींचे दोन-दोनदा. सबनीसांच्या डिकीत स्कॉच होती, हे सांगायला नकोच.

सबनीस तिसऱ्यांदा दिवे बघून आले आणि त्यांच्या बाजूनं जायला लागले, तेव्हा ते नाक जरासं वळलं. "डॉक्टर," खांबेटे हळूच म्हणाले, "तुमच्या दिव्यांना बारा वर्षं झाली वाटतं."

बाटलीवर बाराच लिहिलेलं होतं. सबनीसांनी दुसऱ्या दिवशी फोन करून मला मुद्दाम सांगितलं. नाटक काहीही असो, नाक खरं होतं.

आणि मग वाईहून माई आल्या. नलूवहिनींच्या आई. सत्तरीच्या, किरकोळ बांध्याच्या, नऊवारीवर जावयाचा जुना स्वेटर घालून दिवसभर काही ना काही निवडत बसलेल्या. कमी बोलायच्या आणि सगळं ऐकायच्या. आमच्यात भारतातून आईवडील आले की घरोघरी एक ठरलेलं नाटक व्हायचं. बेसमेंटमधल्या बाटल्या कपडे धुवायच्या मशीनमागे जायच्या, त्यांच्या जागी गीता आणि ज्ञानेश्वरी यायची, आणि चाळिशी उलटलेले, दोन-दोन गाड्या असलेले पुरुष सहा महिने कोकमचं सरबत पीत बसायचे. सबनीसांच्या वडिलांच्या मुक्कामात तर त्यांच्या घरी सत्यनारायण झाला होता.

खांबेट्यांकडून आमची जरा वेगळी अपेक्षा होती. जो माणूस 'खरं सांगा, खरं सांगा' म्हणून आमच्या मागे लागतो, तो सासूला तरी खरं सांगेल. पण खांबेटे सासूबाईंसमोर इतके गडबडले, की पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माईंच्या देखत ग्लास पाठीमागे धरला. नलूवहिनींनी पटकन सांगून टाकलं, "माई, तो द्राक्षाचा रस आहे."

"औषधाचा का?" माईंनी विचारलं.

"नाही, साधाच. ह्यांना आवडतो."

"बरं," माई म्हणाल्या आणि घेवड्याच्या शेंगा मोडायला लागल्या.

मग रोज संध्याकाळी जावई तळघरातून रस घेऊन येई, डोळे मिटून त्याचा वास घेई, तो तोंडात घोळवी, आणि छताकडे बघून उसासा टाकी. माई शेंगा मोडत बसलेल्या असत.

जुलैमध्ये खांबेटे ल्योंची फेरी करून आले. या वेळी त्याच लाकडी पायाच्या शेतकऱ्याकडच्या सहा बाटल्या होत्या. वाटेत त्यांची पेटी चुकली. कुठे कुठे उन्हात पडून ती दोन दिवसांनी केनेडी विमानतळावर सापडली, आणि मग डिकीत तापत घरी आली. पण खांबेट्यांना धीर कुठला. येत्या शनिवारी सगळ्यांना आमंत्रण. माईंना काय, 'मित्रमंडळी रस प्यायला येणार आहेत.'

शनिवारी दुपारी नलूवहिनींना मदत करायला म्हणून मी गेले. त्या शिल्पाला पोहण्याच्या क्लासहून आणायला गेल्या होत्या. खांबेटे एका खास पावासाठी नेवार्कला. जाताना त्यांनी सहाही बाटल्या उघडून ओट्यावर ओळीनं ठेवल्या होत्या, 'तिला श्वास घेऊ दे' म्हणून. मी आत पाऊल टाकलं तर ओट्यावर मोठं पातेलं, पातेल्याच्या तोंडाला पंचा बांधलेला, आणि माई सहावी बाटली त्याच्यावर उलटी करत होत्या.

"माई! हे काय?"

"प्रभाकररावांचा रस. उघड्या टाकून गेलेत सगळ्या बाटल्या, चिलटं बसायला. आणि गाळ बघ केवढा! एवढी मोठी अमेरिका, हिच्यात गाळणं मिळत नाही का?" त्यांनी पंचा गोळा करून दोन्ही हातांनी पिळला. "आंबलाय पण. साखर घातलीये. चिमूटभर मीठ आणि वेलची."

"त्यांना विचारलंत का?"

"रसाला काय विचारायचं?"

माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी नरसाळं लावून सगळा रस परत बाटल्यांत भरला, बाटल्या पुसल्या आणि होत्या तशा ओळीत लावल्या. आता त्या माणकासारख्या स्वच्छ लाल दिसत होत्या. पंचा धुऊन त्यांनी ओव्हनच्या दांडीवर वाळत घातला. मधोमध जांभळा डाग काही गेला नव्हता.

नलूवहिनी आल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्या मटकन खुर्चीत बसल्या. "माईला बोलायचं तर ती वाईन होती हे सांगावं लागेल," त्या म्हणाल्या. "ह्यांना सांगायचं तर वाईन गेली हे सांगावं लागेल."

"मग?"

"मग काही नाही. तू कोथिंबीर चीर."

संध्याकाळी मंडळी जमली. आम्ही जेवून आलो होतो. सबनीसांच्या हातात गाडीच्या किल्ल्या तयार होत्या. खांबेट्यांनी शेतकरी, कुत्रे आणि लाकडी पाय यांचं थोडक्यात निवेदन केलं, सगळ्यांचे ग्लास भरले, आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांची तोंडं बघत उभे राहिले. आपला ग्लास ते शेवटी घ्यायचे. मी आणि नलूवहिनी स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत होतो. वहिनींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

सबनीसांनी घोट घेतला. थांबले. पुन्हा घेतला. किल्ल्या खिशात गेल्या.

"खांबेटे," ते म्हणाले, "ही काय आहे?"

"का? काय झालं?"

"अहो, मस्त आहे! खरंच मस्त आहे यार!"

"आईशप्पथ," देसाई म्हणाले. "मागच्या वेळची ती... ती स्मूथ होती. पण ही प्यायला बरी लागतेय."

"अजून आहे का?" हे आमच्या ह्यांनी विचारलं. खांबेट्यांच्या घरी हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकू आला होता.

खांबेट्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. वर्षानुवर्षं रिकाम्या थिएटरात प्रयोग करणाऱ्याला एके दिवशी हाउसफुल्लचा बोर्ड दिसावा, तसा. सगळीकडून रिकामे ग्लास पुढे येत होते, लोक हसत होते, कुणी गाडीचे दिवे बघायला जात नव्हतं. त्या आनंदात त्यांनी आपला ग्लास उचलला आणि नाक आत घातलं.

ते नाक आत गेलं आणि तिथेच राहिलं.

मग हळूहळू बाहेर आलं. खांबेट्यांनी ग्लास दिव्यासमोर धरला. त्यातून पलीकडचे सबनीस आरपार दिसत होते. त्यांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं. मग त्यांची नजर आमच्या दाराकडे आली, आमच्या डोक्यांवरून आत गेली, आणि ओव्हनच्या दांडीवर वाळणाऱ्या पंच्यावर थांबली. पंच्याशेजारी स्टुलावर माई बसल्या होत्या आणि पापड मोजत होत्या.

नलूवहिनींनी डोळे मिटून घेतले.

खांबेट्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, कारण खांबेटे वाईनवर पहिला शब्द बोलायलाच पाच मिनिटं घेत.

"हं," ते म्हणाले. "आज तिचा मूड चांगला आहे. घ्या, घ्या. अजून आहे." आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "नलू! सगळं एकदम वाढ!"

त्या दिवशी आम्ही दुसऱ्यांदा जेवलो, आणि वरणाला भात भेटला.

रविवारी सकाळी मी रात्री उरलेली वांगी दिलेलं त्यांचं पातेलं परत करायला गेले तेव्हा डेकवर तिघं चहा घेत बसली होती. खांबेटे कपाकडे बघत होते. मला वाटलं, आता जाते. पण नलूवहिनींनी डोळ्यांनीच बसवून घेतलं.

"माई," खांबेटे म्हणाले. "तो रस..."

"साखर जास्त झाली का?"

"नाही, नाही. पण तुम्ही तो... चाखलात?"

"चाखल्याशिवाय साखर किती घालायची ते कसं कळणार?"

खांबेटे सरळ बसले. "कसा होता? म्हणजे साखरेच्या आधी."

माईंनी कप खाली ठेवला. मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग जावयाकडे. "खरं सांगू?"

खांबेट्यांनी डेकचा कठडा धरला. "सांगा."

"वाईट होता हो. आंबटढाण. माझे डोळे मिटले. इतका महाग आणलात म्हणून टाकून द्यायला जीव होईना, नाहीतर मोरीत ओतणार होते."

मग खांबेटे ताडकन उठले. "ऐकलंत?" ते मला म्हणाले. "ऐकलंत, वहिनी? वाईट होती! मला काल उघडल्या उघडल्या शंका आली होती, पण म्हटलं श्वास घेतल्यावर सुधारेल. अहो, ती उन्हात तापली! तिच्यात पावडर नाही, ती प्रवासात टिकणार कशी? तिथून हलवायचीच नव्हती तिला!" ते डेकवर येरझाऱ्या घालायला लागले. "इतकी वर्षं मी तुम्हाला मेलेली वाईन पाजत होतो, आणि तुम्ही सगळे स्मूथ, स्मूथ..." ते एकदम थबकले आणि आमच्या घरांच्या ओळीकडे, दारातल्या गाड्यांकडे, शेजारच्या हिरवळीवर फिरणाऱ्या तुषारांकडे बघत म्हणाले, "मग आपण बरे टिकलो इथे. आपल्यात कुठली पावडर घातलीये कुणास ठाऊक."

"माई," नलूवहिनींनी खालच्या आवाजात विचारलं, "तुला माहीत होतं का गं, ते काय आहे?"

"तुम्ही रस म्हणून सांगितलंत, म्हणून साखर घातली," माई म्हणाल्या. "दारू म्हणाला असतात तर घातली नसती."

"मग काय केलं असतंस?"

"नुसती गाळली असती."

त्या दिवसापासून खांबेट्यांनी एकही बाटली एडिसनला आणली नाही. सबनीस आणि देसाई 'ती वेलचीवाली' पुन्हा आणा म्हणून मागे लागायचे. ती आता मिळत नाही, असं ते गंभीरपणे सांगायचे. पण त्यांच्या डोक्यात दुसरंच काहीतरी शिजत होतं. आपल्यातलं खरं सांगणारं एक माणूस सापडलं होतं, आणि त्या माणसानं खरी वाईन चाखलीच नव्हती. ऑक्टोबरमध्ये माई परत जाणार होत्या. आम्हीही मुलांना घेऊन तेव्हाच भारतात निघालो होतो, आणि माईंना सोबत म्हणून एकाच विमानाची तिकिटं काढली होती, पॅरिसमार्गे. खांबेट्यांची ल्योंची फेरी त्याच आठवड्यात त्यांनी बसवली, आणि जाहीर केलं, की आधी सगळ्यांनी ल्योंला यायचं, दुपारी तिथे जेवायचं, आणि मग आम्ही माईंना घेऊन पॅरिसची गाडी धरायची.

"आईला घेऊन गुत्त्यात?" नलूवहिनी म्हणाल्या.

"रेस्टॉरंट आहे ते. कुटुंबवत्सल."

"लोक काय म्हणतील?"

माई म्हणाल्या, "विमानतळावर बसून राहण्यापेक्षा एखादं गाव तरी बघून होईल."

तर ते रेस्टॉरंट. बोळातलं, लहानसं, लाल चौकडीचे टेबलक्लॉथ, भिंतीवर तांब्याची भांडी. त्या गावाची ख्याती आतडी, सॉसेज आणि डुकराचे पाय यांच्याबद्दल. तिथे माईंना काय द्यायचं याची वाटाघाट खांबेट्यांनी पोट सुटलेल्या वेटरशी आपल्या फ्रेंचमध्ये केली. मांस नको. मासा नको. अंडं नको. हाडांचं पाणी नको. वेटरचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यानं माईंकडे पाहून हळूच काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" माईंनी विचारलं.

"तुम्हाला ऑपरेशनसाठी कधी नेणार, म्हणून विचारतोय."

पण आलं ते चांगलं आलं. थंड मसुराची एक बशी. "फोडणी विसरलेत," माई म्हणाल्या आणि संपवली. कांद्याची पात आणि लसूण घालून घोटलेलं पांढरं ताजं चीज आलं. माईंनी पावाला लावून खाल्लं, थांबल्या, पुन्हा खाल्लं. "चक्का आहे हा. छान बांधलाय." आमच्या मुलांनी फ्रेंच फ्राइज मागितले आणि खांबेट्यांनी मान फिरवली.

मग बाटली आली. टेकड्यांवरून त्या सकाळीच उतरलेली, तळघरातून थेट टेबलावर. मी खांबेट्यांच्या निवेदनाची वाट बघत होते. कुत्रे किती होतात, पाय कुठला लाकडाचा होतो. पण खांबेटे गप्प होते. ती झोपेतून उठतेय नाही, तिला एकटं सोडा नाही. त्यांनी माईंच्या समोरच्या ग्लासात बोटभर ओतली. गढूळ, फिकट लाल.

"माई," ते म्हणाले, "हा रस नाही."

"माहीत आहे," माई म्हणाल्या. त्यांनी ग्लासाला हात लावला नाही. उजवा हात पदराला पुसला आणि तळहाताची पळी करून पुढे धरला.

खांबेट्यांना क्षणभर कळेना. मग त्यांनी ग्लास उचलून जपून त्या तळहातावर दोन थेंब टाकले. माईंनी ते ओठांना लावले.

तेवढ्यात आमचे हे दारातून आत डोकावले. "चला, चला! टॅक्सी आलीये. गाडी चुकेल!"

"मॉम, कम ऑन!" मुलांनी सूर लावला. मी पर्स शोधत उठले. नलूवहिनी माईंचा स्वेटर घेऊन उभ्या राहिल्या. फक्त खांबेटे जागचे हलले नाहीत. ते माईंच्या तोंडाकडे बघत होते, आणि ते बघणं आम्हा सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

माईंनी जीभ टाळ्याला लावली. एकदा. दोनदा. त्यांच्या कपाळावर आठी आली, आणि गेली.

"ह्यात साखर नको," त्या म्हणाल्या.

बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. सामान डिकीत ठेवून झालं, मुलं आत बसली, तरी माईंचा पत्ता नाही म्हणून मी पुन्हा दारापाशी गेले आणि काचेतून आत पाहिलं. पुढे खांबेट्यांची बदली मिनेसोटाला झाली, आणि आमच्या भेटी नाताळच्या कार्डांवर आल्या. त्यामुळे खांबेटे म्हटलं की मला आजही तेच काचेतलं दिसतं. वेटर पावाची टोपली घेऊन खोळंबलाय. नलूवहिनी स्वेटर हातात धरून हसू दाबताहेत. खांबेट्यांचं तोंड उघडं आहे आणि एक थेंबही टेबलक्लॉथवर सांडू नये म्हणून ते श्वास रोखून ओतताहेत. कारण माईंनी तळहात पुन्हा पुढे केलाय.